चौदाची वजाबाकी

१२ फेब्रुवारी २०२२, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. नेर गावात, शमीमखालाच्या शिलाई मशीनशेजारी बसून मी जे लिहिलं, ते आजवर कोणालाही सांगितलेलं नाही – माझ्या मार्गदर्शकांनाही नाही.

लठ्ठपणा आणि मूत्रपिंड हा माझ्या प्रबंधाचा विषय. साठ स्त्रिया हव्या होत्या; एकोणसाठ झाल्या होत्या. साऱ्या गल्लीची ही खाला, म्हणजे मावशी, साठावी. वजनकाट्यावर चढताना ती हसली, "आकडा खरा लिहिजो, पोरी! मले लाज नाही. तुहा काटाच भिऊन राह्यला." शहाण्णव किलो. ते मी खरं लिहिलं.

मग रक्तदाब – १७२ वर १०४. तीनदा मोजला, तीनदा तेवढाच.

नियम स्पष्ट होता : वरचा आकडा एकशे साठ किंवा अधिक असेल, तर त्या स्त्रीला अभ्यासातून वगळायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं. म्हणजे पुन्हा साठावी शोधायची? जाड दंडाला आखूड पट्टा बांधला की आकडा फुगतो – ही सबब मनात तयार होती. पण पट्टा मोठाच होता. मीच निवडून आणलेला. मी १५८ लिहिलं. "मीठ जरा कमी करा," एवढंच म्हणाले.

मला ठाऊक नव्हतं का? वजन वाढलं की मूत्रपिंडाला अधिक गाळावं लागतं. चढलेला दाब त्याच्या केसासारख्या रक्तवाहिन्या जखमी करतो. आणि जखमी मूत्रपिंड दाब आणखी चढवतं. हे तर मी प्रस्तावनेतच लिहिलं होतं – सुबक भाषेत.

अकरा महिन्यांनी तिचे पाय सुजले. मूत्रपिंड मंदावलं की रक्तात साचणारं क्रिएटिनिन, जे एकच्या आसपास हवं, ते २.६ निघालं. त्या दिवशीच पाठवलं असतं, तर किती वाचलं असतं? तो आकडा माझ्याकडे नाही.

त्यानंतर खालाने जे केलं, ते माझ्याने झालं नसतं. लोणचं, पापड बंद. ईदलाही स्वतःपुरतं अळणी. रोज पहाटे चालून बारा किलो उतरवले. आता मशीनच्या खणात तिची रक्तदाबाची वही असते. शेजारणींचे दाबही ती मोजते, दंड पाहून पट्टा बदलते. माझ्या प्रबंधाच्या कोणत्याही पानाहून ती वही प्रामाणिक आहे. आणि त्या बायकांना ती माझ्यादेखत सांगते, "ह्याच पोरीनं मले पयलेच सांगितलतं, मीठ कमी कर म्हणून. मीच नाही आयकलं!"

मी तिथे बसलेली असते.

प्रबंध मंजूर झाला. त्यात साठावी स्त्री अजून १५८ वरच आहे.

गेल्या शनिवारी खालाने वही माझ्यापुढे सरकवली. मी लिहिलं – रक्तदाब १२८ वर ८०. क्रिएटिनिन, अजूनही, २.६.