पाहुणीच्या ताटातले बियाणे

माळव्यात नालछ्याहून आत दोन कोसांवर सगुणाबाईंची शेती होती. त्यांचे यजमान मालोजीराव धारच्या एका कचेरीत नोकरीस असल्यामुळे केवळ रविवारी घरी येत. बाकीचे सहा दिवस शेत, दोन म्हशी आणि घर सगुणाबाईच सांभाळीत. पूर्वज देवासच्या दरबारात चाकरीस आले होते, एवढाच काय तो घराण्याचा मोठेपणा आता शिल्लक होता.

मात्र त्या घरात एक वस्तू अशी होती, जी पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाकडे उरली नव्हती. ती म्हणजे सासूबाई भवानीबाईंनी सांभाळून दिलेली पांढरी, टपोरी ज्वारी. गावाने सोयाबीन धरले, तरी सगुणाबाई दरसाल चांगली कणसे निवडून ठेवीत. राख आणि कडुलिंबाचा पाला मिसळून ते बी त्या दोन मडक्यांत भरीत आणि मडक्यांची तोंडे शेणमातीने लिंपून टाकीत.

सन १९८३च्या फाल्गुनात गारा पडल्या आणि उभा गहू भुईसपाट झाला. त्याच पंधरवड्यात देवासच्या एका संस्थेचा कार्यकर्ता शरच्चंद्र एका गोऱ्या मुलीला घेऊन अंगणात उभा राहिला.

"काकी, ह्या हेलनबाई. कॅनडाच्या कॉलेजात शिकतात. चार महिने तुमच्याकडे राहून शेतात राबायचं, हेच यांचं शिक्षण."

"राबायचं? मग पुस्तक केव्हा वाचायचं?"

"तुमचं घर हेच पुस्तक. कष्टाच्या घरात कोण काय खातं, कोणाच्या वाट्याला काय येत नाही, ते रोज लिहायचं. म्हणून म्हणतो, यांना पाहुणी बिलकुल समजू नका. घरात शिजेल तेच वाढा." मग मडक्यांकडे पाहून तो म्हणाला, "आणि काकी, त्यातलं एक मडकं गंधवानीच्या आदिवासी पाड्यावरच्या दहा घरांसाठी. त्यांच्याकडचं जुनं बी संपलंय. मृगाआधी हेलनबाई स्वतः नेऊन देतील. द्याल ना?"

"दिलं म्हण, बाबा. बियाण्याला नाही म्हणू नये."

पहिले पंधरा दिवस हेलनने मक्याची भाकरी आनंदाने खाल्ली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला नणंद प्रेमला देवासहून आली. तिचे यजमान तेथे कारखान्यात होते. तिने चुलीपाशी पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

"वहिनी, सातासमुद्रापलीकडून आलेल्या बाईला मका? उद्या ही आपल्या देशात सांगेल, मराठ्यांच्या घरात मला ढोरांचं खाणं घातलं. काही इज्जत-बिज्जत आहे की नाही?"

हे बोलणे सगुणाबाईंच्या काळजाला लागले. पाहुण्याच्या ताटावरून घराची पारख होते, असेच त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. शरच्चंद्राचे म्हणणे त्यांनी ऐकले होते. परंतु 'पाहुणी समजू नका' हे वाक्य तर प्रत्येकच पाहुणा बोलतो, अशी त्यांची समजूत झाली.

पुढल्या हाटाच्या दिवशी त्यांनी पहिल्या मडक्याचे लिंपण फोडले. ज्वारी चाळली, राख वेगळी करून पुन्हा मडक्यात टाकली आणि ज्वारीच्या बदल्यात गहू आणला. हेलनच्या ताटात तूप लावलेल्या पोळ्या पडू लागल्या. बाग या गावी माहेरी भाऊ तुकोजीरावांकडे हेच बी आहे, ते ज्येष्ठात मागून आणू, असा हिशेब त्यांनी मनाशी धरला होता. वैशाखात दुसरे मडकेही त्याच भरवशावर उघडले.

हेलन रोज संध्याकाळी वही घेऊन बसे आणि शिकून आलेल्या हिंदीत विचारी, "आज सबने क्या खाया?"

"गेहूँ की रोटी. दाल." सगुणाबाई सांगत आणि हेलन लिहून घेई. ती झोपल्यावर सगुणाबाई चुलीआड बसून मक्याचा तुकडा मिरचीशी खात. हेलनने विळा हाती घेतला, तरी त्या तो काढून घेत. "तू बस गं. ऊन फार आहे."

ज्येष्ठात त्या बसने बागला गेल्या. तुकोजीराव हसले.

"ज्वारी? अगं, दोन वर्षं झाली सोडून. पाखरं राखायची कोणी? आता सगळीकडे सोयाबीन."

"मूठभर तरी असेल, दादा. कोपऱ्यात बघ ना."

"तुझ्याकडे दोन मडकी असताना माझे कोपरे कशाला धुंडाळतेस?"

सगुणाबाईंनी आणलेली पिशवी घडी करून काखेत मारली. त्या रिकाम्या हाती परतल्या. चौथ्या दिवशी शरच्चंद्र जीप घेऊन दारात आला. हेलन उत्साहाने मडके उचलायला धावली आणि उचलताच थबकली. मडके फारच हलके होते. तिने हात आत घातला, तो कोपरापर्यंत राखेने माखून बाहेर आला.

सगुणाबाईंनी मान खाली घालून सर्व सांगितले.

हेलनने हातावरची राख झटकली. नंतर म्हणाली, "पर मैं मेहमान नहीं थी."

"ते मला ठाऊक नव्हतं असं नाही, बाई," सगुणाबाई म्हणाल्या. "पण घरातली उणीव दुसऱ्याला दाखवायला मला कोणी शिकवलंच नाही."

शरच्चंद्र हळूच म्हणाला, "काकी, तुम्ही घरीच थांबा. घुशीने खाल्लं म्हणून सांगतो मी. चालून जाईल."

"नको. शब्द माझ्या तोंडून गेला होता. तो माझ्याच तोंडून मागे येऊ दे."

जीपमध्ये हेलनने वही उघडली. आतापर्यंतच्या अभ्यासात जागोजाग गहू लिहिलेला होता. ती एकेका पानावर बोट ठेवून विचारू लागली, "इस दिन आपने क्या खाया?"

"मका."

"इस दिन?"

"मका... त्या दिवशी काही नाही. उपास होता." हेलन ते लिहू लागताच त्यांनी तिचा हात धरला. "नाही गं. उपासही नव्हता."

हेलन प्रत्येक शब्द खोडून नवा लिहीत होती. गंधवानी येईपर्यंत ते काम संपले नाही.

गंधवानीच्या पाड्यावर दहा बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. नांगरट झाली होती, फक्त बी यायचे बाकी होते. सगुणाबाईंनी उभे राहून हात जोडले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत, पाहुणीच्या ताटासाठी बी विकले, हे सांगितले. एका म्हातारीने टोपली पालथी घातली.

"बाई, मेहमान तो हमारे घर भी आते हैं," ती म्हणाली. "हम उनको मक्का खिलाते हैं."

त्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सगुणाबाईंना तो सोसता आला असता. बायका एकेक करून उठून गेल्या. त्या वर्षी त्यांच्यापैकी काहींनी हाटातले मिळेल ते बी पेरले. तिघींच्या जमिनी पडीक राहिल्या. हेलन आषाढात आपल्या देशी गेली.

पुढे चार वर्षे सगुणाबाई प्रत्येक हाटात ज्वारीचे दाणे तळहातावर घेऊन पाहत. सत्याऐंशी साली एका हाटात त्यांना थोडे बी मिळाले. दाणा तांबूस होता आणि बारीक होता. ते पेरून, वाढवून, त्यांनी गंधवानीच्या दहा घरी स्वतः पोहोचवले. "ही माझ्या सासूबाईंची ज्वारी नव्हे, हिच्यापेक्षा ती चांगली होती," असे प्रत्येक दारात आधी सांगून मगच त्या टोपलीत बी ओतीत असत.