वेळेचे वीस गुण

नोटीस बोर्डावर यादी लागली आणि सुनंदा माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "सर, चौऱ्याहत्तर मार्क हायेत. मग नापास कशी?"

मी तेव्हा आळेफाट्याजवळच्या एका डी.एड. कॉलेजात शिकवत होतो. इंटर्नल मार्कांचा भारांश मीच ठरवला होता. भारांश म्हणजे शंभर गुणांत कुठल्या कामाचा किती वाटा. शाळेत घेतलेले पाठ पन्नास, असाइनमेंटची फाइल तीस, वेळेत सबमिशन वीस. मुलं आयत्या वेळी एकमेकांच्या फायली उतरवून काढायची. त्यांना वळण लागावं म्हणून मी एक अट घातली : प्रत्येक भागात निदान पस्तीस टक्के हवेतच. प्राचार्यांनी शाबासकी दिली.

असाइनमेंट पाच. सोमवारी साडेदहाच्या आत दिली तर चार गुण, नाहीतर शून्य. सुनंदाची एकच वेळेत आली होती. वीसपैकी चार. पास व्हायला सात लागत होते.

"चार वेळा उशीर कसा झाला?"

"डिंभ्याची गाडी सर. कवा येती, कवा नाय. घोडेगावपत्तुर चालत आले तरी पुढची गाडी चुकायची."

"आधी सांगायचं ना."

"सांगितलं व्हतं. तुमी म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा."

म्हणालो होतो. तिचे पाठ मी पाहिले होते. अपूर्णांक शिकवायला तिने भाकरी आणली होती. चौथीचा वर्ग शेवटपर्यंत जागचा हलला नव्हता. पाठाला चव्वेचाळीस मीच दिले होते. उतरवलेल्या फायली मात्र सगळ्या वेळेत आल्या होत्या. ती मुलं पास होती.

मी प्राचार्यांकडे गेलो. "सर, तीन गुणांचा प्रश्न आहे. अट काढू या."

"यादी पुण्याला परीक्षा परिषदेकडे गेली. आता एकीसाठी बदललं तर उद्या दहा जण येतील." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि अट तुमचीच आहे ना?"

मी बाहेर आलो. सुनंदा व्हरांड्यात उभी होती. मला बोलावं लागलंच नाही. "पुन्हा एक वर्ष घरचे नाय पाठवायचे," एवढंच म्हणाली आणि फाइल घेऊन गेली.

पुढच्या वर्षी मी अट काढली, वेळेचे गुण पाचावर आणले. सुनंदाला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. दोन वर्षांनी तिच्या गावची एक विद्यार्थिनी म्हणाली, "ती आता शेतात असती सर. शिकवण्याचं नाव काढलेलं तिला आवडत नाय."

भारांश ठरवताना मी दोन दिवस आकडेमोड केली होती. कोण कुठून येतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.