फाटकावरचा फोटो

आमच्या म्हसवडच्या शाळेत अकरावीला इलेक्ट्रॉनिक्सचा व्यावसायिक वर्ग होता. मुली तिकडे फिरकत नसत. मी गेले आणि रमले. कथील वितळवून तारा जोडायला, म्हणजे सोल्डरिंगला बसले, की मला जेवणाचीही आठवण राहत नसे. शिकवायला रहिमतपूरच्या एक बाई होत्या. त्यांचा नियम कडक होता, संरक्षक चष्म्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. मोठा, ओरखडे पडलेला प्लास्टिकचा चष्मा, निम्मा चेहरा झाकणारा. मला तो फार आवडायचा. तो घातला की माझे फक्त हात बघितले जात.

बारावीत असताना शाळेनं ठरवलं, मुलींनी या विषयाकडे यावं म्हणून फाटकावर फ्लेक्स लावायचा, फोटो माझा. मी चष्मा घालून तयार. मुख्याध्यापक म्हणाले, "तो काढ गं. चेहरा नको का दिसायला?" बाई काहीतरी बोलणार होत्या, पण त्या कंत्राटावर होत्या, गप्प बसल्या. मी चष्मा काढला आणि गार पडलेली सोल्डरिंग गन हातात धरून हसले.

फाटकासमोरच एसटीचा थांबा. सिद्धनाथाच्या दर्शनाला आलेले कुपवाडचे एक गृहस्थ तिथं गाडीची वाट बघत होते. त्यांनी फ्लेक्स बघितला आणि शेजारच्या चहावाल्याला विचारलं, ही पोरगी कुणाची? परीक्षा झाली आणि पाहुणे आमच्या दारात. मुलगा कुपवाडच्या कारखान्यात कामाला. इकडे मी सांगलीला डिप्लोमाला जायचं, असं माझं आणि बाईंचं पक्कं ठरलेलं. मी रडले, जेवण सोडलं.

"आगं, कुपवाडास्नं सांगली काय लांब हाय?" वडील, आमचे आबा, म्हणाले. "लगीन झाल्यावर शिक की." पाहुण्यांनीही माना डोलावल्या.

लांब नाहीच. सांगलीची बस आमच्या दारावरून जाते. आधी सासूबाईंचं आजारपण, मग बाळ, मग कुणी विषयच काढेना. सकाळी डबा देऊन नवऱ्याला निरोप देते. दुचाक्यांची रांग कारखान्यांकडे निघालेली असते आणि मला इतका संताप येतो की हातातली भांडी आदळते. नवरा वाईट नाही. संध्याकाळी पोचे पडलेली भांडी बघून विचारतो, काय झालं? मी त्याचा डबा घासायला घेते.

यंदा माहेरी गेले. धाकटी बहीण आता बारावीला, त्याच वर्गात. माझा फ्लेक्स बघूनच तिनं तो विषय घेतला. वर्गात आता बऱ्याच मुली आहेत, हे मात्र खरं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, आणि तिलाही सांगलीलाच जायचंय.

"ताई, नवा फ्लेक्स करत्यात. औंदा फोटू माझा!" नवा ड्रेस अंगाला लावून ती आरशासमोर उभी होती.

मी तिचा हात घट्ट धरला. "चष्मा काढू नगंस. कोण काय बी म्हणू दे, अजिबात काढू नगंस."

ती हसायला लागली. "आगं, मग मी दिसणार कशी?"