सगळ्यांत बुटकी चिमणी

कुत्रं पाळणाऱ्या घरात सतरंजीवर केस साचतात, तसे आमच्या रविवारच्या ग्राउंडवरचे किस्से साचलेत. कितीही झटका, निघत नाहीत! बाकीचे ते सांगून हसतात. मला अजून राग येतो.

आमचा खेळ म्हणजे चार कुत्र्यांची रिले. एकेकाने चार हर्डल ओलांडायचे, टोकाच्या पेटीवर पाय मारायचा, तिच्यातून उडालेला बॉल तोंडात धरून तसंच परत यायचं. हर्डलची उंची टीममधल्या सगळ्यांत बुटक्या कुत्र्यावर ठरते. आमच्यात ती बुटकी म्हणजे माझी कुत्री चिमणी, पंचवटीच्या भाजीबाजारात सापडलेली.

पहिल्याच दिवशी टीममधले धात्रक काका भडकले. "या गावठी उंदरासाठी हर्डलच्या फळ्या खाली? आमचा सुलतान लॅब्रॅडॉर आहे!"

आमच्या कोच सरांनी शांतपणे फळ्या वर केल्या. सुलतान धावत गेला, थांबला आणि हर्डलला वळसा घालून शेपूट हलवत परत आला.

*

मग काकांनी सहा महिन्यांचं पिल्लू, टायगर, उड्या मारायला आणलं. सर म्हणाले, "हाडं कच्ची आहेत त्याची. वर्षभर नुसतं सपाटीवर पळवा."

"पण त्याला आवडतं हो!"

"तुमच्या नातवाला जिन्यावरून उडी मारायला आवडतं. मारू देता?"

*

पेटीवरचं रबरी मॅट काकांनी एकदा काढूनच टाकलं. का? तर फोटोत घाण दिसतं! सर म्हणाले, "उघड्या प्लायवर जोरात दहा वेळा तळहात आपटा."

चौथ्यालाच काका ओरडले, "लागतंय की!"

मॅट मीच परत लावलं. काका हात चोळत बसले होते.

*

मे महिन्यात एकदा काका उशिरा उठले, म्हणून प्रॅक्टिस भर दुपारी हवी! सर नाहीच म्हणाले. तरी काका सुलतानला घेऊन उतरले. तो काकांच्या मारुती गाडीखाली सावलीत शिरला, तो बाहेरच येईना.

"शिस्तच नाही याला!" काका ओरडले. डोक्यावर ओला टॉवेल घेऊन, गाडीत बसून!

*

स्पर्धेच्या सकाळी चिमणी पुढच्या पायाने लंगडत होती. काका माझ्यामागेच लागले. "पळव गं! ती नसली तर फळ्या वर चढतील, सुलतानला जमायचं नाही. एकच राउंड!"

सर म्हणाले, "कुत्री तिची आहे. तीच ठरवेल."

मी "नको" म्हटलं, ते फक्त मलाच ऐकू आलं. वर्गातही माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही.

पंच माईक घेऊनच आले. "कुत्री फिट आहे?"

"एकदम फिट!" काकांनी ठोकून दिलं.

मी चिमणीला उचललं आणि माईक तोंडाशी ओढला. "खोटं बोलताहेत! ती लंगडतेय. ती पळणार नाही!"

चारही भोंग्यांतून ते अख्ख्या ग्राउंडवर घुमलं.

काका माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "अगं, जरा हळू बोल की!"