सुमनच्या कार्डावरच्या काचा

मैत्रिणींनो, आज सुमनचा वाढदिवस होता. ती माझी कॉलेजची मैत्रीण, कसबा बावड्यात राहते. तिच्यासाठी मी हाताने कार्ड केलं: जाड कागद, खणाचा तुकडा आणि वर फुटक्या बांगड्यांच्या हिरव्या काचांची वेल.

काचा तिनेच दिल्या होत्या, डबाभर. "वाढल्या गं," एवढंच म्हणाली. घरकामात इतक्या बांगड्या वाढत नाहीत, हे मला कळलं होतं.

आज कार्ड दिलं तेव्हा तिचा नवरा जेवत होता. "ह्या वयात कसला वाढदिवस?" म्हणत त्याने माझ्यादेखत तिच्या कानाखाली मारली. मग कार्ड मुठीत चुरगाळलं आणि किंचाळला. काचा तळहातात घुसल्या होत्या. ताटातल्या भातावर रक्त ठिबकत होतं.

"काचा कशाला चिकटवल्या, बाई?" म्हणत तो माझ्या अंगावर धावला. मी दारामागची काठी उचलली. तो थांबला.

सुमन म्हणाली, "तुम्हीच फोडलेल्या हायत की त्या."

"हळद आण," तो ओरडला.

"डबा फळीवर हाय, घ्या की हातानं." आणि तिने चपला घातल्या.

ती आता माझ्याकडे आहे. गालावर बोटं उमटली आहेत. सकाळी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात जाणार आहोत.

तुमच्या मैत्रिणीच्या बांगड्या फार वाढतात का? कशाने, ते विचारलंत कधी?