टोटल चूक बाईची

दिपालीचा ऑटो उभा होता. सावरगावच्या बाजूनं जाम नदीचा पूल उतरला की डाव्या हाताला, रस्ता सोडून, कडेला. वच्छलाबाई नुकत्याच खाली उतरल्या होत्या आणि दिपाली त्यांची पिशवी काढून देत होती. तेवढ्यात संत्र्याच्या कॅरेटांनी भरलेली पिकअप मागून आली. दिपालीनं म्हातारीला बाजूला ओढलं. दोघींच्या डोळ्यांदेखत पिकअपच्या धडकेनं तो बॅटरीचा ऑटो विजेच्या खांबावर जाऊन दुमडला.

लोक धावले. आधी त्यांनी रस्त्यावर सांडलेली संत्री वेचली, मग निकाल दिला.

"टोटल चूक बाईची हाय," पिकअपवाला हेमराज म्हणाला. "मधातच थांबली."

"मी कडेले उभी होती!" दिपाली ओरडली. "तुमी सारे पाहून राहिले होते, बोला ना!"

 बऱ्याच जणांनी मान हलवली, हेमराजच्या बाजूनं.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या स्टँडवर ऑटो चालवणारी ती एकटीच बाई. आधी संत्र्याच्या मंडीत माल निवडायची. ऑटो शिकली तेव्हा स्टँडवरचे म्हणायचे, बाईच्या हाती हँडल म्हणजे टोटल रिस्क. तिनं तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. आता मेकॅनिक म्हणाला, "ताई, हा टोटल झाला, याच्यात काही राह्यलं नाही,"  तशी ती तडक चौकीवर गेली.

हवालदारानं विचारलं, "टोटल कितनी सवारी बिठाई थी?"

"एक. अन् ते बी उतरली होती."

"एक सवारी के लिए बीच सड़क में रोक दी?"

"बीच में नहीं, साहब. किनारे."

त्यानं पेन खाली ठेवलं आणि गवाह आणायला सांगितलं.

स्टँडचा पुढारी दिलीप तिला समजवायला आला. "जाऊ दे वहिनी, मिटवून टाक. बाईमाणसानं चौकीत बसणं बरं दिसत नाही."

"मले तुमच्या बोलण्याची टोटलच नाही लागत, दिलीपभाऊ," ती म्हणाली. "मागं तुमच्या ऑटोले नुसतं खरचटलं, तं अख्खं स्टँड चौकीवर गेलं होतं. माह्या पाळीले मिटवायचं काहून?"

दिलीप उठून गेला.

दुसऱ्या दिवशी ती वच्छलाबाईंच्या दारात उभी राहिली. त्यांचा मुलगा रवींद्र आडवा आला. "माह्या आईले याच्यात ओढू नका." तो पुढे काही बोलणार, तोच म्हातारी चपला घालून बाहेर आली. "काल मले हिनं ओढलं म्हणून मी जित्ती हाय," ती म्हणाली. "बाजूले हो."

चौकीत हेमराज हसला. "साहब, बुढ़िया को टोटल दिखता नहीं."

"काया रंगाचा फोन होता तुह्या कानाले," वच्छलाबाई म्हणाल्या. "समोर पाहतच नव्हता तू. आणखी काय काय दिसलं, सांगू?"

हवालदारानं पेन उचललं. हेमराजचं हसू गेलं.

हेमराजच्या मालकाला ऑटो दुरुस्त करून द्यावा लागला. ज्याला टोटल झाला म्हटलं होतं, तो वेगळ्याच रंगाच्या टपाचा होऊन परत आला आणि दिपाली पुन्हा पुलावरून ये-जा करू लागली. आपलं चुकलं असं मात्र कोणी म्हणालं नाही. स्टँडवरचे उलट, बाई आहे म्हणून सुटली, असं बोलत राहिले. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका दुपारी सावरगावचा अंकुश तिच्या ऑटोत बसला. थोडं अंतर गेल्यावर आपणहून म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मी तिथंच होतो. तुमची काहीच चूक नव्हती. मी सारं पाह्यलं."

दिपालीनं ऑटो कडेला घेतला.

"मंग तवा तोंडात काय धरलं होतं?"

"आता... उगाच कशाले कोणाशी वाकडं घ्या..."

"उतरा."

"अहो, ऊन किती हाय—"

"उतरा म्हणून राहिली ना!"

तो उतरला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

रात्री जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं. गुणवंता घास हातात धरून थांबला. "अवं, पण गिऱ्हाईक होतं ना ते?"

"होतं," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात भाजी वाढली.