डाव्या बाजूची खिडकी

भव्य निसर्गापुढे माणसाला शब्द सुचत नाहीत, हे अगदी खरं आहे. परवा शेजारच्या फाटकाला ऑइल पेंट लागत होता आणि त्या वासाने काकांचा ट्रेलर आठवला. काकूला अंथरुणातून उठता येत नव्हतं, आणि मांडूच्या दऱ्या तिला एकदा पाहायच्या होत्या. म्हणून काकांनी सांवेर रोडच्या एका कारखान्यातून पलंग असलेला ट्रेलर बनवून घेतला, पलंगाला लागून मोठी खिडकी ठेवली आणि नारळ फोडून तो जीपला जोडला. घाट चढताना कळलं की दरी उजवीकडे आहे आणि खिडकी डावीकडे. काकूला आणि तिच्याशेजारी बसलेल्या मला हातभर अंतरावर काळा खडक दिसत राहिला. “छान आहे हो दगड,” काका जीप थांबवून मागे डोकावले तेव्हा ती त्यांना म्हणाली, “टेन्शन मत लो, परतताना दरी माझ्याच बाजूला येणार.” परतताना काकांनी जीप थांबवली आणि ते मागे आले. ऊन उतरलं होतं, खिडकीभर निळसर दरी पसरली होती, आणि कित्येक रात्री दुखण्याने जागलेली काकू गाढ झोपली होती. मी तिला हाक मारणार तोच काका म्हणाले, “सोने दो तिला. दरी कुठे पळून जातेय?” काकू त्याच हिवाळ्यात गेली. ट्रेलर अजून सुदामा नगरात घरासमोर उभा आहे. खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसते.